औषधांना न जुमानणारा सालमोनेला जंतू

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, खाडी ओलांडण्यापूर्वी, बाळकुम लागते. गाव आता ठाणे महानगरपालिकेत आहे. खाडीपलीकडची काशेळी, काल्हेर ही गावे मात्र भिवंडी तालुक्यात मोडतात. या पट्ट्यात शहर व खेडे यांची सरमिसळ झाली आहे. दाट वस्ती, परसातील कोंबड्या, नाल्याकाठची पालेभाजी आणि खाडीत जाणारे सांडपाणी ही सर्व एकमेकांस खेटून असतात. सालमोनेला या जंतूस अशी जागा फार मानवते. म्हणून येथील शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

या जंतूच्या दोन जाती-समूहांत प्रथम भेद केला पाहिजे, कारण अनेकदा येथेच घोटाळा होतो. पहिला समूह विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा. हा जंतू केवळ माणसातच राहतो; रोग्याच्या वा वरकरणी निरोगी दिसणाऱ्या वाहकाच्या विष्ठेतून तो पाण्यात उतरतो आणि पाण्यावाटे किंवा अन्नावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. दुसरा समूह जनावरांत व पक्ष्यांत राहणारा आहे. कुक्कुटपालक ज्यास पिल्लांची पांढरी हगवण म्हणतात, ती याच कुळातील एका जंतूमुळे होते. तो माणसास क्वचितच बाधतो. परंतु त्याचे काही भाऊबंद असे आहेत की, कोंबडी त्यांच्यामुळे आजारी दिसत नाही, दाणा खाते, अंडी घालते, आणि तिच्या विष्ठेतून, मांसातून वा अंड्यातून माणसास मात्र जुलाब, ताप व पोटदुखी जडते. कोंबडी धडधाकट दिसते म्हणून ती निर्धोक आहे असे समजणे चुकीचे होय.

आता औषधांविषयी. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक विषमज्वरावर १९४८ पासून वापरात आले आणि पूर्वी अनेकांचा बळी घेणारा हा ताप आटोक्यात आला. १९७२ साली केरळातील कालिकत येथे या औषधास दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. १९९० च्या सुमारास मुंबईसह देशात अनेक ठिकाणी क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन व को-ट्रायमॉक्साझोल या तिन्ही औषधांना पचविणारा जंतू आढळू लागला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. तेही काही वर्षांतच बोथट झाले. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरी जी साथ उद्भवली, तीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शनही निरुपयोगी ठरले. आपणही यापासून दूर नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधांना न जुमानणारे विषमज्वराचे जंतू मुंबईतही आढळल्याचे २०२२ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आहे.

औषध निकामी कसे होते, हे कापूस पिकविणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. बीटी वाणातील विष खाऊनही जगणाऱ्या थोड्या गुलाबी बोंडअळ्या मागे राहिल्या, त्यांची प्रजा वाढली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरली गेली. जंतूंचेही तसेच होते. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. यात आणखी एक भर आहे. बोंडअळी आपला गुण केवळ आपल्या पिल्लांस देते. जंतू तो शेजाऱ्यासही देऊ शकतो. प्लास्मिड नावाचे जनुकांचे लहानसे कडे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाते. आतड्यातील निरुपद्रवी जंतूने औषध पचविण्याची कला शिकली, तर सालमोनेला ती त्याच्याकडून उसनी घेतो.

मात्र एक दिलासा देणारी गोष्ट आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर मागे पडल्यावर भारतातील विषमज्वराचे बहुतेक जंतू त्यास पुन्हा बळी पडू लागले आहेत. जमीन पड ठेवल्याने कस परततो, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक औषधाबाबत असे घडेलच, असा भरवसा मात्र धरू नये.

ठाण्याच्या खाडीपलीकडील नवी मुंबईत याच कारणास्तव निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. २०१८ साली तेथील महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांस विषमज्वराची नवी संयुग्म लस टोचण्याची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत ही लस देण्याचा जगातील तो पहिला प्रयत्न होता. पहिल्या टप्प्यात १ लाख १३ हजारांवर मुलांस लस मिळाली. जो रोग झालाच नाही, त्यास औषध लागत नाही आणि औषधास जंतू सरावतही नाहीत.

कोंबड्यांच्या शेडमध्ये हेच तत्त्व लागू पडते, पण तेथे बहुधा उलटे घडते. रोग येण्यापूर्वीच, किंवा वजन लवकर वाढावे म्हणून, खाद्यात व पाण्यात प्रतिजैविके मिसळली जातात. एन्रोफ्लॉक्सासिन हे पक्ष्यांचे औषध माणसाच्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे. एकास सरावलेला जंतू दुसऱ्यासही भीक घालत नाही. कोलिस्टिन हे तर रुग्णालयात इतर सर्व उपाय हरल्यावर वापरावयाचे औषध. ते खाद्यातून सर्रास दिले जात असे. केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक जनावरे, कुक्कुटपालन व मत्स्यशेती यांसाठी त्यावर बंदी घातली. २०२५ साली क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांवरही अशीच बंदी आली. तेव्हा खाद्याच्या पोत्यावरील व औषधाच्या पुड्यावरील घटकांची नावे वाचून घ्यावीत. वाचता न आल्यास पशुवैद्यकाकडून वाचवून घ्यावीत.

औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस पक्षी अथवा अंडी विकू नयेत, हा नियम पुष्कळांस माहीत असतो. त्यामुळे मांसातील औषधाचा अंश जातो, हे खरे. परंतु शेडमध्ये तयार झालेला चिवट जंतू त्या दिवसांत नाहीसा होत नाही. तो रोखावयाचा तर औषधाची गरजच कमी पडेल अशी व्यवस्था हवी. पिल्ले खात्रीच्या उबवणी केंद्रातून घ्यावीत. एका वेळी एकाच वयाची तुकडी ठेवावी व ती निघाल्यावर शेड धुऊन, चुना मारून काही दिवस रिकामी सोडावी. भाताच्या तुसाची गादी कोरडी राखावी. उंदीर सालमोनेला पसरवितात. खाद्याची पोती त्यांच्यापासून जपावीत. शेडसाठी पायताण वेगळे असावे.

कोंबडीखत ताजे असता पालेभाजीस घालू नये. ढीग करून, ओलावा राखून, अधूनमधून पालटून ते पूर्ण कुजू द्यावे. ढिगाच्या आतील उष्णतेने जंतू मरतात. नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, मुळा पिकविण्याची प्रथा ठाणे-मुंबई परिसरात जुनी आहे. ज्यांचा संसार त्यावर चालतो त्यांस केवळ दोष देऊन भागणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु त्या पाण्यात माणसाची विष्ठा असते, आणि तीबरोबर विषमज्वराचा जंतूही असू शकतो. निदान कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर व मुळा त्या पाण्यावर घेऊ नये आणि तोडलेली जुडी त्या पाण्यात बुचकळू नये.

घरात कच्चे मांस नळाच्या धारेखाली धुण्याने जंतू ओट्यावर व भांड्यांवर उडतात. मांसाची सुरी व पाट निराळा ठेवावा, मांस आतपर्यंत शिजवावे, तडकलेली अंडी टाकून द्यावीत.

जुलाब झाले की दुकानातून गोळ्या आणण्याची सवय मोडावयास हवी. सालमोनेलाच्या साध्या जुलाबात धडधाकट माणसास प्रतिजैविक बहुधा लागतच नाही. मीठ-साखरेचे पाणी वा ओ. आर. एस. पुरते. तान्ही मुले, वृद्ध व अशक्त यांस मात्र त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. ताप तीन दिवसांहून अधिक टिकल्यास गोळ्या सुरू होण्यापूर्वी रक्ताची कल्चर तपासणी करता येईल काय, असे डॉक्टरांस विचारावे. विडाल तपासणी पुष्कळदा फसवी ठरते. कल्चरमध्ये जंतू सापडल्यास तो कोणत्या औषधाने मरतो हेही कळते. तपासणीचा कागद जपून ठेवावा आणि पुढील खेपेस सोबत न्यावा.