सालगड्याचा रोज किती रुपयांचा?



पाडव्याला सालगड्याची बोली होते, उचल दिली जाते आणि मग वर्षभर खाड्यांवरून कुरबूर चालते. गडी मधेच साल मोडून गेला की हिशेबाला चार माणसे बसवावी लागतात. कराड-वाळव्याकडे गटागटांतून फिरताना असे हिशेब आमच्यापुढेही येतात. बहुतेक वेळा कोणाची दानत वाईट नसते. सालाचा रोज कसा काढायचा हेच आधी ठरलेले नसते.

समजा, साल १,२०,००० रुपये ठरले. त्याला ३६५ ने भागले तर रोज पडतो ३२८ रुपये ७७ पैसे. दुसरा म्हणेल, सुट्ट्या, बेंदूर, जत्रा जाऊन काम तीनशेच दिवस, म्हणजे रोज ४००. दोघांचेही बरोबर आहे. मात्र पहिल्या रोजाला कॅलेंडरचे सगळे दिवस मोजायचे, दुसऱ्याला फक्त कामाचे. गडी १२२ दिवसांनी गेला आणि त्यात कामाचे १०० भरले असतील, तर पहिल्या रीतीने ४०,११० रुपये होतात, दुसऱ्या रीतीने ४०,०००. फरक किरकोळ. पण कामाचे १०० दिवस धरून ३२८.७७ ने गुणले, तर होतात ३२,८७७. गड्याचे सात हजारांवर बुडाले! आणि खाडा कापायची वेळ आली की तोच मालक ४०० ने कापतो, असेही कोठे कोठे चालते. याला हिशेब म्हणत नाहीत.

महिन्याच्या पगाराचा रोज काढताना २६ ने भागतात, कारण चार रविवार भरपगारी धरलेले असतात. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही १९८७ च्या दुरुस्तीने हाच भागाकार घातला गेला. वरच्या सालाचा महिना १०,००० धरला तर रोज ३८४ रुपये ६२ पैसे येतो.

आता खरी गोम. पाडवा ते पाडवा हे ३६५ दिवस नसतातच. ९ एप्रिल २०२४ चा पाडवा ते ३० मार्च २०२५ चा पाडवा, हे दिवस भरतात ३५५. त्याआधीच्या साली, म्हणजे २२ मार्च २०२३ पासून ९ एप्रिल २०२४ पर्यंत, श्रावण अधिक होता. ते साल ३८४ दिवसांचे झाले. दोन्ही वर्षी साल १,२०,००० च ठरले असेल, तर एका वर्षी रोज ३३८ रुपये पडला आणि दुसऱ्या वर्षी साडेतीनशे तर सोडाच, ३१२ रुपये ५० पैसे. २९ दिवस गडी जादा राबला, बोलीत त्याचा उल्लेखही नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण मिळते, गड्याला काही मिळत नाही! २०२६ च्या पाडव्यापासूनचे सालही ज्येष्ठ अधिक असल्याने ३८४ दिवसांचेच आहे. ज्यांनी बोली करताना हे धरले नसेल, त्यांनी जादा महिन्याचे वेगळे द्यावे असे आमचे मत आहे. नाहीतर सरळ इंग्रजी तारखेने १ एप्रिल ते ३१ मार्च असे साल धरावे.

धान्य, कपडे, दोन वेळचा चहा-भाकरी देत असाल तर त्याची रक्कमही सालात मिळवूनच रोज काढा, म्हणजे उसाच्या खर्चाच्या वहीत मजुरी खरी दिसेल. गड्याची बायको गोठ्यातले शेण-घाण काढत असेल तर तिचे साल वेगळे लिहा. पुष्कळ वह्यांत आम्हाला ते दिसत नाही. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजून गडी सकाळी झोपला, तर तो खाडा धरू नये.

बोलीच्या दिवशीच वहीत साल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण दिवस किती, सुट्ट्या किती आणि खाड्याचा दर काय, एवढे लिहावे. खाली गड्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि तसाच एक कागद त्यालाही द्यावा.