कमान तुटलेला घडीचा चाकू : दुरुस्ती कशी करावी?

शहागंज, सिटी चौकाच्या बाजारात धारेला येणाऱ्या चाकूंत बागायतदारांचे कलमाचे चाकूही असतात. जालना, पैठणकडे मोसंबीचे डोळे याच घडीच्या चाकूने भरले जातात. अशा चाकूच्या मुठीत पाठीमागे पोलादी पट्टी असते, तिला आपण कमान म्हणतो. ती पात्याच्या बुडावर दाब ठेवते, म्हणून पाते उघडे राहते. रस आणि ओल आत साचून गंज चढला की कमान बहुधा मधल्या रिव्हेटच्या भोकापाशी तुटते.

यावर पुढच्या रिव्हेटला दोन ठोके मारून पाते जाम करण्याची पद्धत आहे. कलमाच्या चाकूला ती मुळीच चालणार नाही. साल कापताना जोर धारेवर असतो, पण साल उकलताना तो पात्याच्या पाठीवर येतो आणि पाते थेट बोटांवर मिटते.

योग्य काम म्हणजे नवी कमान. लाकडाच्या वखारीत आरा मशीनचे टाकून दिलेले पाते मिळते, ते पोलाद यासाठी चांगले. जाडी चाकूच्या बुडाइतकीच हवी. हॅकसॉचे पाते घेऊ नये, ते कडक असते आणि तटकन मोडते. जुन्या कमानीचे तुकडे जोडून ठेवून आकार आखावा व पट्टी वारंवार पाण्यात बुडवत घासावी. तापून निळी पडू लागली तर थांबावे, फार तापल्यास लवचिकपणा जातो. भोकाच्या कडा गोल कराव्यात. धारदार कोपऱ्यातूनच पुढची चीर सुरू होते. न ताणता बसवलेल्या कमानीचे टोक बुडापेक्षा साधारण एक मिलिमीटर खाली असावे, म्हणजे जोडल्यावर ताण येतो. पाते उघडे असो वा मिटलेले, कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट दिसली पाहिजे.

पात्याचे रिव्हेट ठोकताना बूड आणि मुठीच्या पत्रीमध्ये तेल लावलेला पातळ कागद ठेवावा व नंतर ओढून काढावा. तेवढ्या फटीने पाते मोकळे फिरते. (घाईत हा कागद विसरला की सगळे काम पुन्हा उघडावे लागते.)

बूडच झिजले असेल तर नव्या कमानीचा उपयोग नाही. तेव्हा पाते उघडे ठेवून दुसरे रिव्हेट मारावे, चाकू कायमचा सरळ करावा आणि चामड्याचे म्यान द्यावे. बागेतल्या कामाला ही सोय अधिक बरी, असे आमचे मत आहे.

बटन दाबताच उघडणारा चाकू करून मागणारे गिऱ्हाईक मात्र परत पाठवावे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती वा उद्योगासाठी बनवलेल्यांना त्यातून सूट आहे. बटनाचा चाकू शेतीसाठी होता, हे पोलिसांना पटवणे कठीण.

मजुरी रिव्हेट काढण्यापूर्वीच ठरवावी. जुन्या शिंगाच्या मुठी काढताना तडकतात, तेही गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगावे.