फोटो आपले, साइट दुसऱ्याची

प्रश्न : माझ्या साइटचे वाचक वाढलेले नाहीत, तरी बँडविड्थ महिनाअखेरीआधीच संपते. माझे फोटो कुणी परस्पर वापरत असेल का?

उत्तर : शक्यता दाट आहे. सीपॅनेलमधून, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पॅनेलमधून, ‘रॉ ॲक्सेस’ लॉग उतरवून घ्या. त्यात सहसा प्रत्येक नोंदीत मागितलेली फाइल, पाठवलेले बाइट आणि ‘रेफरर’, म्हणजे मागणी कुठून आली, हे असतं. ‘.जेपीजी’च्या ओळी वेगळ्या काढा. रेफररमध्ये तोच परका डोमेन पुन्हापुन्हा दिसला, की समजा फोटो तिथे लावलेत. 2020पासून क्रोम सहसा फक्त डोमेन कळवतो. नेमकं पान तुम्हालाच शोधावं लागेल. मग सीपॅनेलमधलं ‘हॉटलिंक प्रोटेक्शन’, म्हणजे परक्या साइटवर तुमचे फोटो दिसू न देणारी सोय, सुरू करा. मात्र रिकामा रेफरर आणि गुगलसारखी सर्च इंजिनं अडवू नका. नाहीतर हक्काचे वाचकही फोटोंना मुकतील.