एका दिवसात अर्धीच मुंबई पाहा

मुंबई दाखवणारी खासगी एकदिवसीय सहल स्थळांच्या संख्येवर विकली जाते. गाडी फक्त तुमची, गाईड फक्त तुमचा आणि स्थळं बारा-पंधरा: गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, हाजी अली, सिद्धिविनायक, सी लिंक, एखाद्या नटाचा बंगला, जुहू आणि परतताना क्रॉफर्ड मार्केट व सीएसएमटी. परदेशातून आलेली नातवंडं, नागपूर-कोल्हापूरकडची सोयरी मंडळी किंवा क्रूझवरून दिवसापुरते उतरणारे पाहुणे यांच्यासाठी आपण अशी सहल ठरवतो, तेव्हा यादी जितकी लांब तितके पैसे वसूल, असाच हिशेब करतो. अशा सहलींचे बरेवाईट अनुभव पाहून माझं मत मात्र नेमकं उलट झालं आहे. एका दिवसात अर्धीच मुंबई पाहावी, तीही बंदराच्या बाजूची. आणि पैसे गाडीपेक्षा गाईडवर खर्च करावेत. जे नुसत्या डोळ्यांना दिसतं आणि कळतं, त्यासाठी गाईड लागत नाही. जे समोर असूनही सांगितल्याशिवाय कळत नाही, त्यासाठीच लागतो. सहलीचा कार्यक्रम या एका कसोटीवर तपासला, तर यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

आधी वेळेचं गणित मांडू. आठ तासांची सहल म्हणजे 480 मिनिटं. बारा स्थळं धरली आणि दोन स्थळांमध्ये सरासरी वीस मिनिटं लागतात असं उदार मनाने मानलं, तरी 240 मिनिटं रस्त्यावर गेली. जेवण, चहा आणि स्वच्छतागृह शोधणं यात आणखी तासभर. उरलेल्या तीन तासांत प्रत्येक स्थळाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, आणि त्यातच गाडीतून उतरणं, रस्ता ओलांडणं, फोटो काढणं आणि ड्रायव्हरला फोन करून पुन्हा गाडी गाठणं बसवायचं असतं. फोर्टात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. सीएसएमटीसमोर तर थांबण्याचीही सोय नाही, म्हणून त्या इमारतीचं दर्शन समोरच्या फुटपाथवरून होतं. कोस्टल रोडमुळे प्रवास जलद झाला हे खरं, पण तो शहराच्या कडेने जातो; शहर पाहायला खाली उतरावंच लागतं. वेळ कमी पडू लागला की आधी कात्री लागते ती सांगण्याला. स्थळं ठरलेली असतात, जेवण टळत नाही, ट्रॅफिक कोणाच्या हातात नाही. मग गाईड इमारतीचं नाव आणि साल सांगून पुढे सरकतो. तुम्ही ज्याचे पैसे दिले, नेमकं तेच सर्वांत कमी मिळतं.

वेळ गेला तर गेला, पण या याद्यांमध्ये बंदर जवळजवळ नसतंच, हे नुकसान त्याहून मोठं. मरीन ड्राइव्ह, हाजी अली आणि जुहू हा पश्चिमेचा, उघड्या अरबी समुद्राचा किनारा. मुंबई ज्यामुळे मुंबई झाली ते पाणी पूर्वेला आहे: बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधलं, खोल आणि वादळवाऱ्यापासून आडोशाचं. सुरतेला व्यापार होता, पण तापीच्या मुखातल्या गाळामुळे मोठी जहाजं शहरापर्यंत पोचत नसत. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ही बेटं ईस्ट इंडिया कंपनीला दिली, ती हे बंदर होतं म्हणूनच कंपनीच्या कामाची ठरली. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे जहाजं बांधायला आले. वाडिया घराण्याच्या हाताखाली सागवानात बांधलेलं आणि 1817 साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आणला आणि 1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर युरोप एकदम जवळ आला. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आली, 1875 मध्ये सॅसून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक. 1888 मध्ये पूर्ण झालेलं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, हा याच गोष्टीचा पुढचा भाग आहे, कारण वऱ्हाड-खानदेशातला कापूस रेल्वेने येऊन इथूनच जहाजावर चढत होता. स्टेशनची भव्यता कुठल्या पैशातून आली हे गोदीशिवाय समजत नाही. तरी बहुतेक सहली स्टेशन दाखवतात आणि गोदी वगळतात.

मग बंदराच्या बाजूचा दिवस कसा असावा? तो पहाटे सॅसून डॉकवर सुरू व्हावा. मासळीचा लिलाव उजाडण्याच्या सुमारास जोरात असतो. टोपल्या, बर्फ, हातगाड्या आणि भाव ठरवणाऱ्या कोळणी यांच्या गर्दीत नवखा माणूस केवळ अडथळा होतो. ओळखीचा गाईड बरोबर असला तर कुठे उभं राहायचं, कोणाला विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हे तो आधी सांगतो. तिथून गेटवे. पंचम जॉर्ज 1911 मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हती; ती 1924 मध्ये पूर्ण झाली, आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश पलटण तिच्यातूनच बाहेर पडली. पुढे टाऊन हॉल आणि हॉर्निमन सर्कल पायी पाहून बॅलार्ड इस्टेटला जावं. ही आखीव वसाहत 1914 साली पुऱ्या झालेल्या अलेक्झांड्रा डॉकच्या, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकच्या, खोदकामातून निघालेल्या मातीच्या भरावावर उभी आहे. तिचा आराखडा गेटवेच्याच वास्तुविशारदाचा, जॉर्ज विटेटचा. इथे पाहण्यासारखं काय आहे, असं नवख्याला वाटतं, कारण समोर फक्त कचेऱ्या असतात. पण पायाखालची जमीन शेजारच्या गोदीतून आली आहे हे कळलं की तोच रस्ता वेगळा दिसू लागतो.

बंदराचा बराच भाग आज कुंपणाआड आहे, आणि जे घडलं त्याच्या खुणाही फारशा उरलेल्या नाहीत. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटून फुटलं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. देशात 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यामुळे. दोनच वर्षांत, 18 फेब्रुवारी 1946 ला, याच बंदरात नौसैनिकांचं बंड पेटलं. 1989 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा सुरू झालं आणि कंटेनरचा व्यापार तिकडे गेला. हे सगळं नजरेने दिसत नाही, ते बोलणाऱ्याकडूनच कळतं. गाईडचे पैसे वसूल होण्याची जागा ही आहे.

म्हणून सहल ठरवताना गाडी कोणती हा पहिला प्रश्न नसावा. गाईड कोण, हा असावा. ड्रायव्हर आणि गाईड ही दोन माणसं आहेत की एकच, हे स्पष्ट विचारा. एकच असेल, तर गाडी सोडून तो तुमच्याबरोबर चालू शकणार नाही, म्हणजे सगळी सहल काचेतून होईल. गाईडचं नाव आधी लेखी मागा, त्याच्याकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का ते पाहा, आणि शक्य असेल तर त्याच्याशी आदल्या दिवशी पाच मिनिटं फोनवर बोला. एक परीक्षा सोपी आहे: ताजमहाल हॉटेलबद्दल विचारा. ते चुकून उलटं बांधलं गेलं आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला, ही कथा तो खरी म्हणून सांगू लागला तर सावध व्हा. हॉटेल 1903 मध्ये उघडलं, तेव्हा समोर गेटवे नव्हता आणि दर्शनी दाराने शहराकडे पाहणं त्या काळी सोयीचंच होतं. त्याच्या आराखड्यामागे सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी माणूस होता हेही सांगणारा गाईड मिळाला, तर त्याला सोडू नका.

उरलेल्या अटी कागदावर आणा. टोल, पार्किंग, प्रवेशतिकिटं, बोटीचं भाडं आणि गाईडचं जेवण दरात धरलं आहे का? ठरलेल्या तासांनंतर ताशी काय आकारणार? 'हस्तकला पाहू या' म्हणून एखाद्या दुकानात नेऊन बसवतील का? तिथल्या खरेदीवर नेणाऱ्याला कमिशन मिळतं आणि तुमचा अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून 'दुकानं नकोत' हे शब्द आधीच लिहून द्या. वारही पाहून घ्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत सॅसून डॉकचा लिलाव मंदावतो. पावसाळ्यात खवळलेल्या पाण्यामुळे बोटी ऐनवेळी बंद होतात.

घारापुरी याच दिवसात कोंबू नये. बोटीने जायला सुमारे एक तास, यायला तितकाच, वर शंभराहून अधिक पायऱ्या. लेण्यातल्या वीस फुटी सदाशिवासमोर घाईने उभं राहण्यात अर्थ नाही, त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा. बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, इतर काय करतात ते पाहू नका. 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळून जीवितहानी झाली, तेव्हा 'नीलकमल' घारापुरीलाच निघाली होती. ज्यांना पाण्यावर जाणं जमणार नाही त्यांनी भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती पाहावा. घारापुरीला पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव दिलं ते मूळच्या तिथल्या याच हत्तीवरून.

या सल्ल्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पाहुणा पुन्हा कधी येणार, त्याने मरीन ड्राइव्हही पाहू नये का? जरूर पाहावा, पण गाईडच्या तासांत नको. संध्याकाळी कट्ट्यावर बसायला कोणी समजावून सांगावं लागत नाही; जुहूची भेळ आणि सी लिंकवरून फेरी यांनाही नाही. दुसरा आक्षेप वयस्कांचा. त्यांना चालवत नाही, म्हणून गाडीची सहल बरी, असं म्हणतात. पण बारा वेळा गाडीत चढणं-उतरणं हे दुखऱ्या गुडघ्यांना थोडं चालण्याहून जड जातं. कुलाबा ते बॅलार्ड इस्टेट हा पट्टा काही किलोमीटरचाच आहे. तिथे गाडी ठेवा, पण चार-पाच थांब्यांपुरती, आणि पहाटेचा डॉक त्यांच्यासाठी वगळा.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळी माहिती फोनवर असताना माणसावर एवढा खर्च कशाला? फोन विचारलेल्याचं उत्तर देतो. काय विचारावं हे ज्याला माहीत नाही त्याला बॅलार्ड इस्टेटच्या कोपऱ्यावर तो गप्पच असतो. तरीही या म्हणण्यात तथ्य आहे. दोन धडधाकट तरुणांना खासगी सहलीची गरज नाही. गटाने होणारा एखादा हेरिटेज वॉक, लोकल किंवा भुयारी मेट्रो आणि थोडं आगाऊ वाचन यात त्यांचं काम कमी पैशांत होतं. मुंबईचं मराठीतलं वाचन काही कमी जुनं नाही, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' 1863 चं आहे. खासगी गाईड परवडतो तो बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, पाहुण्यांची भाषा वेगळी असेल, किंवा जहाज सुटण्याची वेळ डोक्यावर असेल तेव्हा. क्रूझच्या प्रवाशांना तर हा मार्ग दुप्पट सोयीचा, कारण ते बॅलार्ड पिअरलाच उतरतात आणि दिवसभर जहाजापासून फार लांब जात नाहीत. जुहूहून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकून जहाज चुकण्याची धास्ती त्यांना उरत नाही.

तेव्हा सहल कंपनीने पाठवलेली यादी तशीच मान्य करू नका. तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे लिहा, इथे कोणी सांगितल्याशिवाय काही कळेल का. 'कळेल' असं उत्तर आलेली नावं आपल्या सवडीच्या संध्याकाळसाठी बाजूला काढा, उरलेली पाच-सहा एका पट्ट्यात बसतात का ते पाहा आणि ती यादी परत पाठवा. कमी स्थळांसाठी दर कमी होणार नाही. कदाचित जाणत्या गाईडमुळे थोडा वाढेलही. तो द्यावा. 'आमची यादी ठरलेली असते, बदलता येत नाही' असं उत्तर आलं, तर सहल खासगी असल्याचा दावा गाडीपुरताच खरा आहे असं समजा आणि दुसरीकडे विचारा.