पुडा फोडावा कसा?

(बी. ए. भाग ३, गृह-अर्थशास्त्र)

गृह-अर्थशास्त्राच्या तासाला ‘अन्नपदार्थांचे वेष्टन’ हा भाग निघाला की आम्ही मुली वहीत चार ओळी उतरवून घेतो. वेष्टन पदार्थाचे रक्षण करते, त्याची वाहतूक सोपी करते, त्याविषयी माहिती देते आणि ग्राहकाला आकर्षित करते. परीक्षेला एवढे पुरते. वेष्टन कधीतरी उघडावेही लागते, ही पाचवी ओळ त्या यादीत नाही. ती का नाही, हा प्रश्न मलाही गेल्या वैशाखापर्यंत पडला नव्हता.

त्या दिवशी घरी आजी एकटीच होती. तिला मधुमेह आहे. सकाळची गोळी घेऊन झाली होती, जेवण मात्र लांबले. दुपारी अंगाला घाम सुटला आणि हात थरथरू लागले. असे झाले की लगेच साखर तोंडात टाकायची, हे डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलेले आहे. साखरेचा डबा नेमका रिकामा. फळीवर किलोची नवी पिशवी होती, शेजारी बिस्किटांचा पुडा होता. पिशवीचे तोंड यंत्राने वितळवून चिकटवलेले. संधिवाताच्या बोटांना ते दाद देईना. पुड्याची लाल पट्टी कुठून सुरू होते, ते तिला दिसेना. दात तर केव्हाच गेलेले. अखेर तिने विळा घेतला. पिशवी फाटली ती तळापर्यंत, साखर सगळी जमिनीवर, आणि विळा अंगठ्यात.

मी कॉलेजातून आले तेव्हा ती भिंतीला टेकून गुळाचा खडा चघळत होती. गुळाची भेली नुसती गोणपाटात गुंडाळलेली होती, म्हणून निभावले. अंगठ्याला फडके बांधताना ती म्हणाली, “मले एक सांग पोरी, हे बांधनाऱ्यानं कधी सोळून पाह्यलं असन काय?”

प्रस्तुत लेख म्हणजे आजीच्या या प्रश्नाचा अभ्यास होय. मधुमेहामुळे जखम भरायला महिना लागला, आणि तेवढ्या अवधीत मी घरात येणारे एकूण एक पाकीट उलटसुलट करून पाहिले.

आरंभीच एक मान्य केले पाहिजे. बंद पाकिटाचे उपकार मोठे आहेत. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या, म्हणजे पिवळ्या फुलांच्या काटेरी ‘आर्जेमोन’च्या बियांचे तेल मिसळले गेले. जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि ६० हून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकावे, असा आदेश काढला. तेव्हा जुन्या काळच्या सुट्या मालाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. वाण्याच्या वर्तमानपत्री पुडीची आठवण आपल्याला गोड वाटते, पण त्या शाईत शरीराला अपायकारक द्रव्ये असतात. अन्न गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये, असा नियमच २०१८ मध्ये झाला आहे.

पण जुन्या वेष्टनांत एक गुण होता. बांधणाराच ती सोडतही असे. आमच्या चांदूर रेल्वेत धान्याचा कट्टा उघडताना पाहावा. यंत्राने घातलेली ती साखळी टाक्याची शिवण असते. योग्य टोकाचा दोरा ओढला तर ‘सर्रकन्’ एका दमात उसवते. दुसऱ्या टोकाने ओढाल तर गाठ बसते आणि शेवटी कात्रीच घ्यावी लागते. हमाल ते टोक न पाहता बोटाने ओळखतो. आमच्या घरी मात्र दर खेपेला वडील चुकीचे टोक ओढतात आणि दोष दोऱ्याला देतात. असो.

मुद्दा असा की, कट्ट्याला निदान बरोबर टोक तरी असते. पाकिटाला ते नसते, आणि त्याचे कारण साधे आहे. बिस्किटे, चिवडा यांच्या वेष्टनाची चकचकीत फिल्म बनवताना उभी आणि आडवी दोन्हीकडे ताणलेली असते. त्यामुळे ती धड असेपर्यंत कितीही ओढा, फाटत नाही. पण कुठे एवढीशी चीर पडली की मग थांबत नाही. बडनेऱ्याला जाताना गाडीत चिवड्याचे पाकीट उघडणाऱ्या माणसाकडे पाहिले की हे शास्त्र पुस्तकावाचून समजते. आधी तो ओढतो, मग दात लावतो, आणि पुढच्या क्षणी समोरच्या प्रवाशाच्या मांडीवर चिवडा असतो. यावर उपायही तितकाच साधा आहे. चिकटपट्टीच्या बाहेर जी रिकामी कड उरते, तिथे दोन-तीन मिलिमीटरची खाच पाडायची. आतला माल हवाबंदच राहतो, आणि फाडायचे कुठून ते बोटाला कळते. काही पाकिटांची कड करवतीसारखी दातेरी असते, ती याचसाठी. पण ती दातेरी कड जाड चिकटपट्टीवर काही चालत नाही.

ही चूक आजची नाही. पत्र्याच्या डब्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली घेतले गेले. अमेरिकेत डबा उघडण्याच्या हत्याराचे पेटंट निघाले १८५८ मध्ये. मधली कितीतरी वर्षे माणसे छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होती. माल टिकवणाऱ्याने आपले काम चोख केले. उघडण्याचे काम मात्र विकत घेणाऱ्यावर सोडले.

छपाईचीही तीच गत आहे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत हे सगळे पाकिटावर छापावेच लागते. पण अक्षर बारीक असले तरी नियम पाळला जातो. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठी घालायची तर उत्पादकाच्या मर्जीने. चौथी शिकलेली माझी आजी रोज पोथी वाचते, पण पाकिटावर साखर किती ते तिला वाचता येत नाही. म्हणजे माहिती दिली गेली आणि पोहोचली मात्र नाही.

याउलट जपानमध्ये दुधाच्या कागदी खोक्याच्या माथ्यावर एका बाजूला लहानशी अर्धगोल खाच असते. आत दूधच आहे, फळांचा रस नव्हे, हे अंध माणसाला बोट फिरवून कळते. आणि खोके खाचेच्या समोरच्या बाजूने उघडायचे, हेही कळते. वेष्टन सहज उघडावे यासाठी २०१५ साली आंतरराष्ट्रीय मानकही निघाले आहे. आपल्याकडेही या विद्येची उणीव नाही. मुंबईत पॅकेजिंगचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९६६ पासून आहे. माझ्या मते अडते ते एवढ्यावरच की, पाकीट पसंत करायला बसलेल्यांत सांधे दुखणारी म्हातारी कधी नसते. पाकीट गोदामात टिकते का, ट्रकमध्ये तग धरते का, दुकानात उठून दिसते का, हे पाहिले जाते. स्वयंपाकघरात ते आल्यावर काय होते, याची तक्रार परत कुणाकडे जातच नाही. आपण कात्री शोधतो आणि विसरून जातो.

आजी मात्र विसरली नाही. अंगठा बरा झाल्यावर ती स्वतः किराणा दुकानात गेली आणि दुकानदाराला म्हणाली, “भाऊ, कडीले जराशी कातर लावून देत जा, आतलं सांडू नको.” तो आधी हसला. मग त्याने कात्री घेऊन पुड्याच्या कोरड्या कडेला एक बारीक टाच दिली. आता आमच्या सामानाच्या प्रत्येक पाकिटाला ती टाच असते. परवा मी गेले तेव्हा गल्ल्याशेजारी सुतळीला बांधलेली कात्री लटकत होती, आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या आपापले पुडे त्याच्यापुढे धरून होत्या.