न्हाणीच्या पाण्याचें पुढें काय होतें?

इस्लामपुराच्या एका अंगास कृष्णा व दुसऱ्या अंगास वारणा. दोन नद्यांमधल्या या मुलखांत वापरलेल्या पाण्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. मोरींतून निघालें, गटारास मिळालें, ओढ्यानें नदीस गेलें, कीं घरधन्याची चिंता मिटली! परंतु नदी तेथें थांबत नाहीं. कऱ्हाडास कोयनेचें पाणी घेऊन कृष्णा वाळवे तालुक्यांत उतरते व सांगलीकडे जाते. हरिपुरास तिला वारणा मिळते आणि नृसिंहवाडीस पंचगंगा. वरच्या गांवानें सोडलेलें तेंच खालच्या गांवाच्या घागरींत येतें. २०१२ सालीं इचलकरंजीस दूषित पाण्यामुळें काविळीची मोठी सांथ येऊन माणसें दगावलीं, हें पुष्कळ पालकांस आठवत असेल.

आतां थोडा हिशेब करूं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनानें खेड्यांत दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरिलें. दोन हजार वस्तीच्या गांवास तें १,१०,००० लिटर होतें. त्यांतील तीन चतुर्थांश जरी न्हाणी व मोरी यांवाटे बाहेर पडलें, तरी रोजचें ऐंशी हजार लिटरांहून अधिक सांडपाणी झालें.

यावर शोषखड्डा हा सोपा उपाय आहे. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघर असे खड्डे करून डांसांचा उपद्रव घालविला. पण नदीकांठच्या गांवीं हा उपाय डोळे झांकून करितां येत नाहीं. काळी माती पाणी सावकाश पिते. कांठालगत भूजल वर असतें. शिवाय उंसास वाजवीपेक्षां अधिक पाणी देऊन आपल्याकडील कित्येक जमिनी क्षारपड व पाणथळ झाल्या आहेत. अशा जागीं खड्डा तुंबतो, किंवा त्यांतील घाण शेजारच्या विहिरीस लागते.

मग करावें काय? उत्तर आपल्या परसांतच आहे. न्हाणीच्या पन्हळीखालीं आपल्या आज्या अळू, केळ व कर्दळ लावीत. तेथें भाजी होई, फूल होई, आणि चिखल होत नसे. याचें कारण असें कीं, सांडपाण्यांतील घाण मुख्यत्वें सूक्ष्म जंतू खातात, व त्यांतील नत्र व स्फुरद हीं वनस्पतींचीं खतेंच होत. कर्दळ, पाणकणीस, देवनळ यांसारख्या वनस्पती पानांतील हवा मुळांपर्यंत नेतात; त्या मुळांभोंवतीं व खडीवर जंतूंची दाट वस्ती होते. झाड हें घर, जंतू हे कामकरी!

गांवासाठीं हेंच मोठ्या प्रमाणावर करावयाचें. पाणी प्रथम एका टाकींत निवळूं द्यावें, म्हणजे गाळ व तेलकट साय मागें राहते. पुढें तें सुमारें दोन फूट खोल खडीच्या वाफ्यांतून दोन-तीन दिवस संथपणें झिरपवावें. पाणी खडीच्या पृष्ठाखालींच ठेवावें. उघडें राहिलें तर डांस होतात. जर्मनींत कॅथे झायडेल या विदुषीनें १९५० नंतरच्या दशकांत अशा लव्हाळ्यांवर प्रयोग केले. नागपुराच्या ‘नीरी’ संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धति याच जातीची आहे. कलकत्त्याच्या पूर्वेस तर सुमारें १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ प्रदेशांत शहराच्या मैलापाण्यावर मत्स्यपालन व भातशेती चालते. त्या प्रदेशास २००२ सालीं रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

खरी अडचण जागेची आहे. दर माणशीं एक ते दोन चौरस मीटर धरिल्यास आपल्या दोन हजार वस्तीस अर्धा ते एक एकर जमीन लागेल, आणि उंसाच्या मुलखांत एक एकर सोडवणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे! शिवाय टाकींतील गाळ वेळोवेळीं काढणारा कोणी नेमिला नाहीं, तर खडी बुजून सर्व खर्च व्यर्थ जातो. शौचालयाचें पाणी या वाफ्यांत मुळींच घेऊं नये; त्यास दोन खड्ड्यांची निराळी व्यवस्था असावी. वाफ्यांतून निघालेलें पाणी नारळ, बांबू, वैरण यांस खुशाल द्यावें. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊं नये, आणि पिऊं तर नयेच.

विद्यार्थ्यांस हें पाहावयाचें असल्यास दोन जुन्या बादल्या घ्याव्या. दोहोंच्या बुडाशीं तोटी बसवून एकींत धुतलेली खडी व कर्दळीचे चार कंद घालावे. दुसरी रिकामी ठेवावी. कर्दळ महिनाभर चांगली रुजल्यावर दोहोंत सारखेंच भांडीं धुतलेलें पाणी ओतून वर झांकण अगर फडकें बांधावें. तीन दिवसांनीं दोन्ही तोट्या सोडून पाण्याचा रंग व वास ताडून पाहावा, आणि मग हात साबणानें धुवावे.