हायब्रीड गाडीला प्लग : जमेल का आणि परवडेल का?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय शोधताना दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात ही कल्पना येतेच. हायब्रीड गाडीत मोटर आहे, बॅटरी आहे, कंट्रोलर आहे. मग डिकीत आणखी एक बॅटरी ठेवली, घरच्या प्लगवर चार्ज केली, की झाली प्लग-इन हायब्रीड! ऐकायला सोपं वाटतं. हे खरंच कितपत शक्य आहे, ते या लेखात आकड्यांनिशी तपासून बघूया.

१) फरक नेमका कशात?

साध्या हायब्रीडमध्ये ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा मोटर जनरेटर बनून बॅटरीत भरते आणि गाडी उचलताना परत देते. कोंडाईबारी घाट उतरताना जी शक्ती एरवी ब्रेक तापवण्यात जाते, तिचा काही भाग असा हाती लागतो. पण या गाडीला बाहेरून वीज घेता येत नाही. म्हणजे तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते.

शिवाय बॅटरी अगदी लहान असते. २०२२ साली आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रीड प्रकारात ती फक्त ०.७६ किलोवॉट-तासाची, म्हणजे पाऊण युनिटाची आहे. एका युनिटात अशी गाडी साधारण ६ किलोमीटर जाते असं धरलं, तर पूर्ण बॅटरी वापरूनही साडेचार किलोमीटरच होतात. त्यातही बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. तेव्हा नुसता प्लग जोडून भागत नाही, बॅटरी मोठी हवी.

२) बदल कसा करतात?

याची सुरुवात अमेरिकेत झाली. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलकार्स या गटाच्या रॉन ग्रेंबन यांनी टोयोटा प्रियसमध्ये लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवून पहिला प्रयोग केला. पुढे ५ युनिटच्या लिथियम बॅटरीचे तयार किटही विकायला आले. त्यांची किंमत १० हजार डॉलरच्या घरात होती.

रीत दोन प्रकारची. एक तर मूळ बॅटरी काढून मोठी बसवायची, नाही तर मूळ बॅटरी तशीच ठेवून दुसरी तिच्या जोडीला द्यायची. दुसऱ्या रीतीत एक छोटा कंट्रोलर गाडीच्या कॉम्प्युटरला सतत सांगत राहतो, की 'बॅटरी भरलेली आहे, खुशाल वापर.' त्यामुळे कॉम्प्युटर मोटर जास्त चालवतो आणि इंजिन कमी.

३) गाडं कुठे अडतं?

इथे आपला थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर कामाला येतो. प्रियसमध्ये इंजिन, जनरेटर आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरने जोडलेले असतात. सन गिअरला ३० दात, त्यावर जनरेटर. रिंग गिअरला ७८ दात, त्यावर मोटर आणि चाकं. इंजिन प्लॅनेट कॅरियरवर. इंजिन बंद असताना कॅरियर स्थिर राहतो, म्हणून जनरेटर रिंगच्या ७८ ÷ ३० = २.६ पट वेगाने उलटा फिरतो.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसचं गणित करून बघा. ताशी ६८ किलोमीटरला रिंग मिनिटाला सुमारे २४५० फेरे घेते, म्हणजे जनरेटर सुमारे ६४००. याच्या पुढे जनरेटरला धोका, म्हणून कॉम्प्युटर इंजिन चालू करतो. तुमची जादा बॅटरी कितीही भरलेली असो! कारण हे बंधन बॅटरीचं नाही, गिअरचं आहे. टोयोटाने स्वतः पुढे ८.८ युनिट बॅटरीची प्लग-इन प्रियस काढली, तेव्हा एक वन-वे क्लच घालून जनरेटरलाही गाडी ओढायला लावलं. डिकीत बॅटरी ठेवून हा बदल होत नाही.

परिणाम काय झाला? किट विकताना गॅलनला १०० मैल सांगितलं जायचं. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने अशा बदललेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष नोंदी घेतल्या, तेव्हा सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास आली. वेग, चालवण्याची पद्धत आणि मुख्य म्हणजे लोक रोज आठवणीने चार्ज करत नव्हते.

४) खांडबाऱ्याचा हिशेब

आता हेच आपल्या भागात आणू. समजा खांडबाऱ्यातले एक गृहस्थ हायब्रीड गाडीने रोज नंदुरबारला कामावर जातात. जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरू. पुढचे दर आणि किट-खर्च हिशेबापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

• पेट्रोल १०५ रुपये लिटर, मायलेज २० : किलोमीटरला सव्वापाच रुपये.
• वीज १० रुपये युनिट. चार्जिंगमध्ये १५ टक्के वाया धरले तर एका युनिटात सुमारे ५ किलोमीटर : किलोमीटरला २ रुपये.
• जादा बॅटरी ६ युनिटची, त्यातली ८० टक्के वापरायची, म्हणजे ४.८ युनिट : सुमारे २९ किलोमीटर, म्हणजे जेमतेम जायचा प्रवास. येताना पुन्हा पेट्रोल.

रोज पेट्रोलचे १५२ रुपये वाचले, विजेचे ५६ गेले. निव्वळ बचत ९६ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २८,८०० रुपये. बॅटरी, चार्जर, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, पेटी, वायरिंग आणि मजुरी मिळून २ लाख धरले तर पैसे वसूल व्हायला ७ वर्षं. हे झालं कागदावर. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की इंजिन चालू होणारच. बचत ७० टक्केच पदरात पडली, तर १० वर्षं! तोवर बॅटरीही म्हातारी झालेली. आणि साठेक किलोचं वजन, म्हणजे एक जादा माणूस, रोज फुकट फिरवायचा तो वेगळाच. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय?

आता तेच गणित १४ मायलेजच्या साध्या पेट्रोल गाडीला लावा. तेवढ्याच २९ किलोमीटरला रोज १६१ रुपये, वर्षाला ४८ हजारांवर बचत दिसते. म्हणजे गाडी जितकी काटकसरी, तितका बदलाचा फायदा कमी. हायब्रीडने स्वस्तात वाचण्यासारखं पेट्रोल आधीच वाचवलेलं असतं. आपण उरलेल्यासाठी महागडा खर्च करतो.

५) पुण्याचा अनुभव

हे ओळखूनच बहुधा पुण्याच्या केपीआयटी कंपनीने हायब्रीडऐवजी साध्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. जून २०१० मध्ये त्यांनी 'रेव्होलो' किट जाहीर केलं. इंजिनच्या क्रँकशाफ्टला बेल्टने जोडलेली मोटर, डिकीत बॅटरी आणि घरच्या प्लगवर चार्जिंग. उत्पादनासाठी भारत फोर्जशी भागीदारीही केली. कल्पना उत्तम, माणसं हुशार. पण वापरातल्या गाडीला असं किट बसवण्याचे नियम तेव्हा आपल्याकडे नव्हते. केंद्र सरकारने ते २०१६ साली काढले. तोवर सहा वर्षं गेली होती. घरोघरच्या गाड्यांत रेव्होलो काही पोचलं नाही. याच तंत्रज्ञानातून केलेली इलेक्ट्रिक बस मात्र डिसेंबर २०१५ मध्ये खासदारांसाठी संसदेला देण्यात आली.

यातून आपण शिकायचं ते हे, की वर्कशॉपमध्ये चाललेली वस्तू रस्त्यावर यायला चाचणी, मान्यता, सर्व्हिस आणि विमा या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

६) जीव आणि कायदा

हायब्रीडमधल्या नारिंगी केबलमध्ये १५०-२०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असतो. चावी काढली तरी बॅटरीच्या टोकांवर तो असतोच. २००८ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिनात अशी बदललेली एक प्रियस रस्त्यावर पेटली. तपासात कारण निघालं ते बोल्टने केलेल्या विजेच्या जोडांची चुकीची जुळणी. सेल चांगले होते, जोड ढिला होता! ढिल्या जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डिकी मुळातच भट्टी झालेली असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेलं हवं आणि बसवणाराही अधिकृत हवा. घरी केलेल्या बदलानंतर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि गाडीची वॉरंटी तर पहिल्याच दिवशी धोक्यात येते.

७) मग आपण काय करायचं?

ज्यांना या विषयात काम करायचंच आहे, त्यांनी घरच्या हायब्रीडची बॅटरी उघडू नये. त्याऐवजी हे करता येईल :

१. ओबीडी पोर्टला रीडर लावून एखाद्या हायब्रीडच्या महिनाभराच्या नोंदी घ्या. इंजिन किती वेळ बंद राहतं, कोणत्या वेगाला चालू होतं, ते मांडा. गाडीला हात न लावता उत्तम प्रोजेक्ट होतो.
२. प्लॅनेटरी गिअरचं चालतं मॉडेल बनवा. २.६ पट उलटा वेग डोळ्यांनी दिसला की पुस्तकातलं समीकरण विसरणार नाही.
३. बॅटरी पॅकच बांधायचा असेल तर ४८ व्होल्टच्या आतला, सरांच्या देखरेखीखाली, सायकल किंवा हातगाडीसाठी बांधा. प्रत्येक जोड टॉर्क रेंचने आवळा आणि लोडवर त्याचं तापमान मोजा.

आणि ज्यांच्या घरी नवी गाडी घ्यायचा विचार चालू आहे, त्यांनी आधी वडिलांचं रोजचं अंतर आठवडाभर वहीत लिहून काढावं. रोजचं अंतर थोडं आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर कारखान्यातून आलेली इलेक्ट्रिक गाडी बघावी, लांबचे प्रवास जास्त असतील तर हायब्रीड आहे तशीच चालवावी. जादा बॅटरीचे २ लाख हाताशी असतील, तर त्यातून घराच्या छतावर सोलर बसवण्याचा हिशेबही एकदा करून बघा!